आदिवासी मुलींचा वारसाहक्क : रूढी सिद्ध कोणी करायची?

वहीखाते

हिंदू उत्तराधिकार कायदा 1956, कलम 2(2) : केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद (एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्माने वाटेकरी) झाली, पण या कलमामुळे ती सोय जमातींपर्यंत पोहोचलीच नाही. त्यामुळे वारली, गोंड, भिल्ल, कोरकू घरातल्या मुलीचा वाटा अजून जमातीच्या रूढीवर ठरतो.

17 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने 'राम चरण विरुद्ध सुखराम' हा निकाल दिला. छत्तीसगडच्या गोंड कुटुंबातल्या वाटपाचा दावा होता. खालच्या सगळ्या न्यायालयांनी मुलीच्या वारसांना सांगितलं, "मुलीला वाटा मिळतो अशी रूढी दाखवा." ती दाखवता आली नाही आणि दावा बुडाला. सर्वोच्च न्यायालयाने विचारलं की मुलीला वाटा मिळत नाही, ही रूढी तरी कोणी सिद्ध केली? तशी मनाई सिद्ध नसेल तर संविधानाच्या कलम 14 चा समानतेचा हक्क आणि न्याय, समन्याय व सद्सद्विवेक यांवर वाटा द्यायचा.

माझ्या मते पुराव्याचं ओझं आता कायमचं भावाकडे गेलं पाहिजे. कलम 13(3)(अ) मध्ये 'कायदा' या शब्दात रूढी आणि वहिवाट दोन्ही येतात. मग मूलभूत हक्कांशी विसंगत रूढीला सूट कशाच्या जोरावर?

गावकूस

एका निकालावर एवढी इमारत उभी करू नका. तीन महिने व्हायच्या आत, ऑक्टोबर 2025 मध्ये 'नवांग विरुद्ध बहादूर' मध्ये त्याच न्यायालयाने हिमाचल उच्च न्यायालयाचा सरसकट आदेश पुसून टाकला. आदिवासी भागातल्या मुलींना हिंदू उत्तराधिकार कायद्याने वाटा द्या, असा तो आदेश होता. कलम 2(2) जिवंत आहे तोवर न्यायालयाला ते वळसा घालून जाता येत नाही. 1996 च्या मधु किश्वर खटल्यातही बहुमताने छोटानागपूर कुळकायद्याची, वारसा पुरुषांकडेच ठेवणारी कलम 7 आणि 8 रद्द केली नाहीत. त्या जमिनीवर पोट असलेल्या स्त्रियांना संविधानाच्या कलम 21 खाली तिथे राहण्याचं संरक्षण दिलं, बस.

दुसरं म्हणजे रूढी बहुतेक तोंडी आहे. ती कोर्टात सिद्ध करायची तर प्राचीन, अखंड, निश्चित आणि वाजवी, या चारही कसोट्यांना उतरावी लागते. पाड्यातला माणूस कागद कुठून आणणार? 'सिद्ध झाली नाही' म्हणजे 'नाहीच' असं धरलं, तर मौखिक परंपरेचा प्रत्येक समाज हरणार. पेसा 1996, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पंचायत कायद्याच्या कलम 4(ड) ने रूढी-परंपरा जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. ठरवायचं ते तिथे ठरू द्या.

तिसरा_रकाना

दोघांचंही भांडण दिल्लीत चाललंय. नोंद होते तलाठ्याकडे, आणि खरा घोळ तिथे आहे.

खातेदार वारला की महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे तीन महिन्यांत वर्दी द्यायची. सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र. तलाठी गाव नमुना 6-क मध्ये वारस चढवतो, मंडळ अधिकारी चौकशी करतो, मग नमुना 6 मध्ये फेरफार पडतो, नोटीस लागते. 15 दिवसांत हरकत आली नाही की नोंद मंजूर. हरकत आली तर प्रकरण 6-अ या विवादग्रस्त नोंदवहीत जातं. मंजुरीवर अपील प्रांताधिकाऱ्यांकडे, 60 दिवसांत.

यात 'ही जमात कोणती आणि तिची रूढी काय' हा प्रश्न कुठल्याच टप्प्यावर विचारला जात नाही. फॉर्म एकच. मग दोनच गोष्टी होतात. कुठे सवयीने सगळी मुलं-मुली लागतात, म्हणजे नकळत हिंदू कायदाच लावला जातो. कुठे प्रतिज्ञापत्रातूनच बहिणी गाळल्या जातात. ती सासरी असते, नोटीस चावडीवर लागते, 15 दिवस निघून जातात. वर्षांनी धरण किंवा रस्त्यासाठी भूसंपादन आलं, मोबदल्याची यादी लागली, की तिला कळतं. तोवर कलम 157 चं गृहीतक भावाच्या बाजूने उभं असतं : विरुद्ध सिद्ध होईपर्यंत नोंद खरी.

म्हणून ओझं कोणाचं हे ठरवण्याआधी प्रतिज्ञापत्रात 'मयताच्या मुलींची नावं व सध्याचा पत्ता' हा रकाना सक्तीचा करा आणि नोटीस त्या पत्त्यावर पाठवा. यासाठी संसदेकडे जावं लागत नाही.

गावकूस

रकान्याला हरकत नाही. पण मूळ भीतीवर कोणीच बोलत नाही. मुलीचं लग्न बिगर-आदिवासीशी झालं तर जमीन कुठे जाते? रूढीने मुलीला शेत दिलं नाही त्यामागे पुरुषी हेका असेलही, पण जमीन कुळाबाहेर जाऊ नये हा हिशेबही होता. आदिवासी बायकोच्या नावावर जमीन घ्यायची आणि कसायची नवऱ्याने, हा प्रकार अनुसूचित क्षेत्रात कोणाला नवा नाही.

वहीखाते

भीती खरी आहे, उपाय चुकीच्या माणसावर केलाय. लग्नाने तिची जमात बदलत नाही. जमीन महसूल संहितेचं कलम 36-अ तिच्या हातातल्या जमिनीलाही तितकंच लागू आहे. बिगर-आदिवासीला विक्री किंवा बक्षीस द्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि त्याआधी शासनाची मान्यता लागते. मुलांचं म्हणाल तर 2012 च्या रमेशभाई नाईका निकालाप्रमाणे बापाची जात आपोआप लागत नाही, मूल कुठल्या समाजात वाढलं हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. आणि बेनामी व्यवहार भावाच्या नावावरही होतातच की! त्यासाठी कोणी मुलग्यांचा वारसा काढून घ्या म्हणत नाही.

उंबरठा

मी तुमच्या दोघांच्या मधे नाही, वेगळ्याच वाटेवर आहे. कलम 2(2) काढून हिंदू कायदा लावणं हा उपाय मला पटत नाही. त्यातलं सहदायाद हे प्रकरण एकत्र हिंदू कुटुंबाच्या कल्पनेवर उभं आहे. कलम 15 तर विधवेची स्वकष्टार्जित मिळकत, मूलबाळ नसेल तर, आधी नवऱ्याच्या वारसांना देतं. हे गोंडांच्या गळ्यात कशाला?

दक्षिण आफ्रिकेने दोन्ही वाटा चालून पाहिल्यात. 2004 च्या भे खटल्यात त्यांच्या घटना न्यायालयाने ज्येष्ठ पुरुषालाच वारसा देणारी रूढी रद्द केली. 2008 च्या शिलुबाना खटल्यात मात्र समाजाने स्वतःच बदललेली रूढी मान्य केली. मुलीला मुखियापद द्यायचं हे वालोयी समाजाने ठरवलं होतं, आणि जुन्या वहिवाटीपेक्षा हा निर्णय वरचढ मानला गेला.

आपल्याकडे हे ग्रामसभेच्या ठरावाने करता येईल. पण गावकूस, ग्रामसभा म्हणजे फक्त पारावरचे पुरुष नव्हेत. वनहक्क नियमांतली अट घ्या : निम्मी गणपूर्ती आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. ठरावात घरजावई (गोंडांचा लमसेना), विधवा, परित्यक्ता, अविवाहित मुलगी, प्रत्येकीचं स्वतंत्र लिहा. 'रूढीप्रमाणे' एवढंच लिहिलेला ठराव कोर्टात कुचकामी. जुने फेरफार सोबत जोडा. ज्या फेरफारात मुलींना वाटा मिळाला तेही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 11 खाली असे पूर्वीचे व्यवहार ग्राह्य धरले जातात. कोणी वाजिब-उल-अर्ज (गावच्या वहिवाटींची महसुली नोंद) सुचवेल, तर त्यात पाणी, वाट, मासेमारी असतं, वारसा नसतो.

गावकूस

आणि ग्रामसभेने 'मुलीला शेत नाही' असाच ठराव केला तर?

उंबरठा

तर तो कलम 13 पुढे टिकणार नाही. पण निदान नेमकं कशाला आव्हान द्यायचं हे तिला कळेल.

तिसरा_रकाना

एक राहिलं. वनपट्टे या वादात ओढू नका. वनहक्क कायद्याच्या कलम 4(4) प्रमाणे विवाहितांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो आणि तो विकता येत नाही. नवरा गेला तर बायको वारस म्हणून नव्याने येत नाही, ती आधीपासून धारक आहे. तरीही तिचं नाव सातबाऱ्यावर 'इतर हक्का'त टाकलेलं दिसलं, तर वारसाचा अर्ज करू नका. पट्ट्याची प्रत जोडून दुरुस्तीचाच अर्ज द्या. वारस म्हणून अर्ज केला की मुलगे समान हिश्श्याने आत येतात, आणि तिचा अर्धा आधीच तिचा होता हे सांगत बसावं लागतं.