चर्चा: स्वतःच शिकताना एआय ट्यूटर हवा की नको?

रात्रपाळी: नोकरी सांभाळून प्रोबॅबिलिटी शिकतोय, एआय ट्यूटरकडून. काल बेझचं प्रमेय आलं, म्हणजे नवी माहिती मिळाल्यावर शक्यता कशी बदलते त्याचा नियम. सूत्र न देता त्यानं विचारलं, "१०,००० लोकांत १०० आजारी. चाचणी ९९ टक्के अचूक. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी खरोखर आजारी किती?" कागदावर मांडलं तर ९९ खरे, ९९ खोटे. निम्मेच! क्लासात हे असं कुणी विचारलं असतं का? माझं मत : हवाच.

खडूफळा: तुर्कस्तानातला प्रयोग वाचा. सुमारे हजार शाळकरी मुलांना गणिताच्या सरावाला जीपीटी-४ हे एआय दिलं. सरावात गुण ४८ टक्के वाढले. मग ते काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना ते कधी मिळालंच नव्हतं त्यांच्यापेक्षाही ही मुलं १७ टक्के मागे!

रात्रपाळी: अहो, अर्धंच सांगताय. त्याच प्रयोगात उत्तर न देता फक्त इशारे देणारा ट्यूटरही होता. त्याच्यामुळे सरावात १२७ टक्के वाढ झाली आणि परीक्षेतलं नुकसान जवळपास नाहीसं झालं.

खडूफळा: नुकसान टळलं, पण परीक्षेत फायदा तरी कुठे दिसला? शिवाय त्या इशाऱ्यांमागे शिक्षकांनी पुरवलेला मजकूर होता. एकट्यानं शिकणाऱ्याला तो कोण पुरवणार?

गोदाकाठ: शिक्षणतज्ज्ञ ब्लूम १९८४ मध्येच सांगून गेलेत, वैयक्तिक शिकवणीनं सरासरी विद्यार्थी दोन सिग्मा वर जातो (सिग्मा म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप). विषय संपला.

खडूफळा: इतक्यात नाही हो. २०११ मध्ये संशोधक व्हॅनलेन यांनी बरेच अभ्यास एकत्र तपासले, तर माणसाच्या शिकवणीचा परिणाम ०.७९ सिग्माच निघाला.

गोदाकाठ: आणि पायरी-पायरी तपासणाऱ्या संगणकी शिकवणीचा ०.७६. हे का गाळलंत? :)

खडूफळा: त्या प्रणाली गप्पा मारणाऱ्या नव्हत्या, म्हणून. बरं, पुढे काय शिकायचं हेही यंत्रच ठरवणार असेल तर यात 'स्वयं' काय उरलं?

रात्रपाळी: ड्युटीवरून आल्यावर रात्री साडेदहाला कुठला मास्तर भेटतो सांगा. तुलना करायचीच तर अर्ध्यावर सोडलेल्या पुस्तकाशी करा.

खडूफळा: ठीक. फोन लांब ठेवा. ४,००० लोक, ४० आजारी, अचूकता ९५ टक्के. किती?

रात्रपाळी: ३८ खरे, १९८ खोटे. साधारण १६ टक्के. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता.

गोदाकाठ: भागाकार हातानंच केलात ना?