युरोपातले व्ह्यू पॉइंट: तुम्हाला कुठला आवडला?

सुट्ट्या जवळ आल्या की घरोघरी स्वित्झर्लंडचं टिटलिस की युंगफ्राऊ हा वाद सुरू होतो आणि शेवटी टूरवाले नेतील तिथेच सगळे जातात, म्हणून म्हटलं एकदा आपापले अनुभव गोळा करूया. नुसती नावं नकोत हं, वर कसे गेलात, सोबतच्या ज्येष्ठांना झेपलं का ते पण लिहा.

मीच सुरुवात करते. माझं मत शीनिगे प्लाटेला. इंटरलाकेनशेजारच्या विल्डर्सविलहून 1893 पासूनची दातेरी रुळांवरची गाडी जाते, लाकडी बाकं, वेग असा की पळणारा माणूस बरोबरीने येईल, पाऊण तासाच्या वर लागतो पण बाहेर बघण्यात कळतही नाही. वर 1967 मीटरवर उतरलं की आयगर, म्योंश, युंगफ्राऊ हे तीन डोंगर समोर उभे. युंगफ्राऊयोखला (टूरवाले नेतात ती युंगफ्राऊजवळची खिंड) तुम्ही त्या डोंगराच्या खांद्यावरच असता, मग तो दिसणार कसा! सासूबाई निवांत बाकावर बसल्या, आम्ही वरच्या अल्पाइन बागेत फिरून आलो.

*

असहमत :) युंगफ्राऊयोखला डोंगर बघायला नाही, अलेच बघायला जायचं, आल्प्समधली सगळ्यात मोठी हिमनदी आहे ती. आणि आयगरच्या पोटातून बोगदा खणून 1912 मध्ये 3454 मीटरवर रेल्वे नेली, मी तर त्याचेच पैसे देतो. सकाळी हॉटेलातूनच वरचा लाइव्ह कॅमेरा बघा, पांढरं दिसलं तर तिकीट काढूच नका, खाली लख्ख ऊन असतं आणि वर ढग. पळापळ पण नको, हवा विरळ असते, बाबांना जरा गरगरलं होतं, बसून पाणी प्यायल्यावर ठीक.

*

ताई, आम्ही मेच्या सुरुवातीला जातोय, शीनिगेची गाडी असेल?

*

नाही हो, ती साधारण जूनपासून. तुम्ही हार्डर कुल्म करा, इंटरलाकेनहूनच फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी चढाची गाडी) आहे, दहा मिनिटांत 1322 मीटरवर, थुन आणि ब्रिएंझ दोन्ही तलाव एकदम दिसतात.

*

डोंगर दिसणार कसा हे पॅरिसलाही लागू. आयफेलवर चढून पॅरिस दिसतं, आयफेल कुठे दिसतो? त्यापेक्षा आर्क द त्रिओंफ, ती मोठी विजयकमान. 284 पायऱ्या, गोल जिना, दम लागतो. पण वर गेलं की बारा रस्ते चहूकडे फुटलेले दिसतात आणि अंधार पडला की दर तासाला पाच मिनिटं आयफेल चमचमतो. जूनमध्ये अंधारच दहानंतर पडतो, तेव्हा जेवूनच जा. आणि कमानीभोवतीचा चौक रस्त्यावरून ओलांडायला जाऊ नका प्लीज, भुयारी रस्ता आहे.

*

फ्लॉरेन्स, प्याझाले मिकेलांजेलो. संध्याकाळी गर्दी असह्य. अजून थोडं चढून सान मिनियातो चर्चच्या पायऱ्यांवर बसा, तेच शहर, तोच कॅथेड्रलचा घुमट, शांतता फुकट.

*

एडिनबराचं कोणी लिहिलं नाही अजून? आर्थर्स सीट, जुना ज्वालामुखी आहे, उंची फक्त 251 मीटर, सिंहगड चढणाऱ्यांना किरकोळ. वारा मात्र टोपी उडवून नेतो. गुडघे कुरकुरत असतील तर कॅल्टन हिल, तिथे नेपोलियनच्या युद्धात पडलेल्यांचं ग्रीक खांबांचं स्मारक आहे, 1826 ला काम सुरू केलं आणि पैसे संपले म्हणून 1829 ला थांबलं, ते आजही तसंच अर्धवट. मला तर पूर्ण झालं असतं तर इतकं आवडलं नसतं.

*

नॉर्वेचं प्रेइकेस्तोलेन. लीसेफ्योर्डच्या पाण्यावर सरळ 604 मीटर उंच सपाट कडा आणि कठडा नाही!! जाऊनयेऊन आठ किलोमीटर, चार तास तरी धरा. वाटेतल्या दगडी पायऱ्या नेपाळच्या शेर्पांनी रचल्यात. नवरा कड्यावर पाय सोडून बसला, मी मागे वळून चक्क दुसरीकडे बघत होते. लहान मुलं असतील तर हात सोडू नका, आणि पाऊस पडून गेला असेल तर चांगले ग्रिपवाले बूट हवेतच, दगड भयानक निसरडे होतात.