रेकॉर्ड प्लेयर लावला की आकाशवाणी ऐकू येते. संध्याकाळी घरघरही होते

प्रश्न
नमस्कार. मी हडपसर भागात सहाव्या मजल्यावर राहतो. माझ्याकडे रेकॉर्ड प्लेयर, फोनो इनपुट (रेकॉर्ड प्लेयरची वायर जोडण्याची खास जागा) असलेला जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन मध्यम आकाराचे स्पीकर आहेत. गेल्या पावसाळ्यापासून तबकडीवरच्या दोन गाण्यांमधल्या शांततेत निवेदकाचा पुसट पण ओळखू येण्याजोगा आवाज ऐकू येतो. शेजारी रेडिओ लावून पाहिले, तर तो ७९२ किलोहर्ट्झवरचे पुणे केंद्रच निघाला. शिवाय संध्याकाळी सहा-साडेसहानंतर एक बारीक घरघर सुरू होते, ती दिवसा कधीच नसते. एका दुरुस्तीवाल्याने वीजपुरवठ्याचे कपॅसिटर बदलून पैसे घेतले, परंतु फरक शून्य. आता नवा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा काय?

उत्तर १
अ‍ॅम्प्लिफायर तूर्त घेऊ नका. आपण दोन निरनिराळे त्रास एकत्र सांगत आहात, असे मला वाटते. आवाजाचे बटण शून्यावर आणल्यावर काय उरते आणि काय जाते, एवढे आधी पाहा. बटणाबरोबर जो आवाज कमी होतो, तो बटणाच्या आधीच्या भागात शिरलेला असतो. जो तसाच राहतो, तो विजेच्या वायरीतून, स्पीकरच्या वायरीतून किंवा बटणानंतरच्या भागात शिरलेला असतो. मग रेकॉर्ड प्लेयरची वायर काढून फोनो इनपुट शॉर्टिंग प्लगने (आतली दोन टोके एकमेकांना जोडलेल्या प्लगने) बंद करून ऐका. शंका आली म्हणून अर्थिंगची पिन मात्र कापू नका. तो उपाय अनेकजण सुचवतात आणि तो जिवावर बेतू शकतो.

प्रश्नकर्ता
पाहिले. निवेदक बटणाबरोबर कमी होतो आणि प्लेयरची वायर काढल्यावर पूर्ण नाहीसा होतो. घरघर मात्र बटण शून्यावर असतानाही तेवढीच राहते.

उत्तर २
मग निवेदक प्लेयरच्या वायरीतूनच येत आहे. मूव्हिंग मॅग्नेट काट्रिजमधून (सुईच्या हालचालीने चुंबक हलवून वीजसंकेत तयार करणाऱ्या भागातून) जेमतेम ५ मिलिव्होल्टच्या आसपास संकेत मिळतो आणि फोनो विभाग तो सुमारे १०० पटीने वाढवतो, त्यामुळे त्या वायरीवर जे काही येईल तेही वाढते. आपण प्रक्षेपण केंद्राच्या जवळ राहता. वायर अँटेनाचे काम करते आणि पहिल्या ट्रान्झिस्टरचा जोड त्या लहरीतला आवाज वेगळा काढतो. जुन्या क्रिस्टल रेडिओचे तत्त्वही हेच. मध्यम लहरींवर आवाज लहरीच्या उंचीत बांधलेला असल्याने तो असा सुटा होऊ शकतो.

पावसाळ्यापासून त्रास सुरू झाला म्हणता, म्हणून प्लेयरची ती बारीक अर्थ वायर आणि अ‍ॅम्प्लिफायरमागचा तिचा स्क्रू उघडून पाहा. हिरवट पडलेला सांधा स्वतःच डायोडसारखा, म्हणजे वीज एकाच दिशेने सोडणाऱ्या भागासारखा, वागू शकतो आणि तोही लहरीतला आवाज वेगळा काढतो. त्यानेही भागले नाही, तर पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तपकीर गल्लीत मध्यम लहरींसाठी चालणारे मँगनीज-झिंक फेराइटचे (चुंबकीय सिरॅमिकचे) कडे मिळते का, ते विचारा आणि त्यातून वायर सात-आठ वेळा फिरवा. यूएसबी वायरीवर असते तसली क्लिप एकदाच अडकवून इतक्या कमी वारंवारतेवर फारसे काही होत नाही. वेढ्यांचा परिणाम साधारण त्यांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. काट्रिजला समांतर कपॅसिटर लावण्याचा मार्गही आहे, परंतु काट्रिजला ठरावीकच धारिता (कपॅसिटरचे मूल्य) मानवते आणि जास्त झाल्यास तबकडीचा वरचा स्वर बिघडतो, म्हणून तो शेवटी ठेवावा.

उत्तर १
घरघरीसाठी सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर रेडिओ घ्या, स्टेशन नसलेल्या जागी, समजा ६०० किलोहर्ट्झच्या आसपास लावा आणि घरभर फिरा. भिंतीतल्या ज्या बोर्डाजवळ तो खवळेल, तिथे थांबा. सेल असल्याने मुख्य स्विच पाडूनही तो चालू राहतो. एकेक एमसीबी पाडत गेलात तर ओळ सापडेल. पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हर आणि इन्व्हर्टर हे माझे नेहमीचे संशयित.

प्रश्नकर्ता
पंखाच निघाला! दिवाणखान्यातल्या बोर्डाशी रेडिओ नेला, तेव्हा तो कढईत फोडणी पडावी तसा तडतडला. दुपारी उकाड्यामुळे पंखा पूर्ण वेगावर असतो आणि तेव्हा रेग्युलेटर वेग कमी करण्यासाठी विजेची लहर कापतच नाही. संध्याकाळी वारा सुटला की आम्ही तो दोनवर आणतो आणि घरघर सुरू होते. घड्याळाचा त्यात काहीच संबंध नव्हता. पायऱ्यांचा, कपॅसिटर असलेला रेग्युलेटर बसवला आणि ती थांबली.

अर्थ वायरीचे टोकही खरेच हिरवट पडले होते. ते कापून, नवीन तांबे उघडे करून घट्ट बसवल्यावर निवेदक अर्ध्याहून कमी झाला आणि कड्यावर आठ वेढे घेतल्यावर जवळजवळ गेलाच. रात्री सुई उचललेली ठेवून बटण पूर्ण फिरवले आणि स्पीकरला कान लावला, तर अजूनही कोणीतरी कुजबुजते. परंतु तसे ऐकायला मी बसत नाही.