मदत हवी आहे: घरची पद्मिनी ठेवू की मामांची एमजी टीडी घेऊ?

नमस्कार मंडळी,

गाड्या दोन आणि पार्किंग एक, म्हणून हा धागा. एक बाबांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी, दुसरी मामांची १९५१ची एमजी टीडी, म्हणजे दोन सीटची उघडी इंग्लिश स्पोर्ट्स कार. मामांना आता क्लच दाबवत नाही. गाडी बाहेर जाण्यापेक्षा भाच्याकडे जावी, अशी त्यांची इच्छा आहे. दिवाळीपर्यंत त्यांना सांगायचंय.

आकडे पाहिले तर दोघींत वाटतं तेवढं अंतर नाही. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी, ताकद साधारण ४० बीएचपी. टीडीचं १२५० सीसी, ५४ बीएचपी, दोन एसयू कार्ब्युरेटर. वजन दोघींचं ९०० किलोच्या आसपास, ब्रेक चारही चाकांना ड्रमच. पण चालवायला बसलं की सगळं वेगळं. टीडीचं रॅक अँड पिनियन स्टिअरिंग जरा वळवलं की गाडी लगेच वळते. आपण रस्त्याला इतके जवळ असतो की शेजारचा ट्रक डोंगर वाटतो. पद्मिनी मात्र हँडगिअरची (गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी), निवांत. आई-बाबा मागे बसून साताऱ्यापर्यंत कुरकुर न करता येतात, आणि माझ्या लेखी ही फार मोठी गोष्ट आहे.

पद्मिनीचं बरंचसं सामान नाना पेठेत किंवा कुर्ल्याला शोधलं की मिळतं. टीडीचं इंग्लंडहून मागवावं लागतं. तिच्या इंजिनाच्या बोल्टांचे आटे मेट्रिक, डोकी मात्र व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची, त्यामुळे नेहमीचे पाने बसत नाहीत. हे माहीत नसलेल्या मेकॅनिकच्या हातात ती द्यायची मला खरंच भीती वाटते.

सगळ्यात मोठी काळजी पावसाची. टीडीच्या बॉडीचा सांगाडा ॲश लाकडाचा आहे, दारांना काचा नाहीत, फक्त साइड कर्टन, म्हणजे काढ-घाल करायचे पडदे. आमचं पार्किंग वरून झाकलेलं, पण बाजूंनी उघडं. पुण्याच्या पावसाळ्यात लाकूड कसं सांभाळता? कव्हर घातलं तर आत दमट राहून उलट जास्त खराब होतं का?

दुसरं, २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवली की रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. म्हणजे टीडी घेतली तर आई-बाबांना न्यायला तिसरी गाडी बघावी लागणार. ज्यांनी अशी नोंद केली आहे त्यांनी अनुभव सांगावा. जुना नंबर कायम राहतो ना?

तिसरं, ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. त्याने जुनं रबर खराब होतं. पद्मिनीच्या पंपाचा डायफ्रॅम आणि रबरी नळ्या कोणी बदलल्या असतील तर कोणत्या मटेरियलच्या घेतल्या?

माझा कल पद्मिनीकडे आहे. पण मी नाही म्हटलं आणि टीडी घेणाऱ्याने तिचं इंजिन काढून दुसरंच बसवलं, तर मामांना ते सहन होणार नाही. पुण्यात बंदिस्त गॅरेज भाड्याने घेऊन अशी गाडी ठेवणारं कोणी आहे का? महिन्याला साधारण किती जातात?

पुढच्या रविवारी मामांकडे जातोय. लाकूड कुठे कुठे टोचून बघायचं, तेही सांगा.