1930 ची वुल्झली हॉर्नेट : मोटार साप्ताहिकांनी केलेले कौतुक रास्त होते का?

टॉपगिअर (धागालेखक)

1930 साली इंग्लंडमध्ये वुल्झली कंपनीने 'हॉर्नेट' ही सहा सिलिंडरची हलकी गाडी दोनशे पौंडांच्या आत बाजारात आणली आणि तिथल्या मोटार साप्ताहिकांनी तिच्या रस्त्यावरील कामगिरीचे भरभरून कौतुक केले. कौतुकाचा मुख्य मुद्दा एकच होता: ही गाडी माणसाच्या चालण्याच्या वेगापासून ताशी साठ मैलांच्या आसपासपर्यंत टॉप गिअर न सोडता, धक्का न देता जाते. आज जुन्या गाड्यांविषयी लिहिणारे बहुतेक जण या कौतुकाला जाहिरातबाजी ठरवून मोकळे होतात. मला ते अन्यायकारक वाटते, म्हणून हा धागा.

त्या काळातल्या चालकाच्या जागी बसून पाहावे. तेव्हाच्या स्वस्त गाड्यांच्या गिअरबॉक्सला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सोय, नव्हते. खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडून इंजिनाचा वेग अंदाजाने वाढवायचा, पुन्हा क्लच दाबून दांडा पुढे सरकवायचा. अंदाज चुकला की दात दातांवर घासल्याचा आवाज साऱ्या रस्त्याला ऐकू जायचा. आपल्याकडे जुन्या ट्रकवर शिकलेल्या ड्रायव्हरांना हा डबल क्लच तोंडपाठ होता, पण इंग्लंडमध्ये 1930 च्या सुमारास गाडी घेणारा शिक्षक, दुकानदार किंवा डॉक्टर पहिल्यांदाच स्टिअरिंगवर बसत होता. अशा माणसाला गावातल्या वळणावर गाडी दहा मैलांवर आली तरी टॉपमध्येच ठेवता येते आणि समोरचा चढ त्याच गिअरमध्ये निघतो, ही कामगिरी नव्हे तर काय?

यामागचे यंत्रशास्त्रही खरे आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो, सहामध्ये दर एकतृतीयांश फेऱ्याला. शिवाय चारमध्ये चारही पिस्टन एकाच क्षणी थांबतात आणि एकाच क्षणी सुटतात, त्यामुळे इंजिनाच्या वेगाच्या दुप्पट गतीने एक थरथर उरतेच. सरळ रांगेतल्या सहामध्ये ती आपोआप मिटते. परीक्षकांना जो गुळगुळीतपणा जाणवला, तो त्यांच्या लेखणीतून आलेला नव्हता.

पाटा-स्प्रिंग

आपण इंजिनाविषयी लिहिलेला शब्दन् शब्द मला मान्य आहे आणि तरीही निष्कर्ष अजिबात मान्य नाही. इंजिन म्हणजे गाडी नव्हे.

हॉर्नेटच्या जन्माची कथा पाहू. विल्यम मॉरिस यांनी 1927 साली दिवाळखोरीत गेलेली वुल्झली कंपनी विकत घेतली आणि वुल्झलीच्या ओव्हरहेड कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा वर असलेल्या) छोट्या चार सिलिंडर इंजिनावर मॉरिस मायनर ही गाडी काढली. त्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 57 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 83 मिलिमीटर आणि क्षमता 847 सीसी. हॉर्नेटसाठी याच मापाचे आणखी दोन सिलिंडर जोडले आणि 1271 सीसी झाले. इथपर्यंत हरकत नाही. पण हे लांबलेले इंजिन बसवण्यासाठी त्यांनी नवी चॅसिस, म्हणजे गाडीची खालची चौकट, घडवली नाही, मायनरचीच चॅसिस ताणली. मायनरचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) साडेसहा फूट होता, तो साडेसात फुटांच्या थोडा वर नेला. रुंदी मात्र तीच चिंचोळी आणि सांगाडा तोच हलका. दीडपट इंजिन पेलायला चौकटीत जो ताठपणा लागतो, तो नुसती लांबी वाढवून येत नाही, उलट कमी होतो. लांब फळी आखूड फळीपेक्षा जास्त वाकते, हे सुताराच्या हाताखाली दोन दिवस काढलेल्या पोरालाही ठाऊक असते.

आता सांगा, 'रस्त्यावरील कामगिरी' म्हणताना वळणावर गाडीची पकड कशी आहे, खराब रस्त्यावर पुढचा आस किती भरकटतो, मागच्या सीटवर बसणाऱ्याची काय अवस्था होते, याला जागा किती दिली गेली? टॉप गिअरमधील लवचीकपणाला परिच्छेदच्या परिच्छेद आणि चॅसिसला एखादे सौजन्याचे वाक्य, हे परीक्षण नव्हे. गाडीच्या जाहिराती ज्या अंकात छापायच्या त्याच अंकात तिचे परीक्षणही छापायचे, या व्यवस्थेत परीक्षक कठोर होणार तरी कसा?

शिवडीकर

एक पूरक मुद्दा. 'हलकी सहा सिलिंडर गाडी' या शब्दांचा अर्थ त्याच वर्षांत अमेरिकेत अगदी वेगळा होता. शेव्हरोलेटने 1929 च्या मॉडेलपासून चारच्या किमतीत सहा सिलिंडर असे म्हणत जी गाडी विकली, तिचे इंजिन सुमारे 3.2 लिटरचे आणि 46 अश्वशक्तीचे होते. आपल्याकडे मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना 1928 साली सुरू झाला, म्हणून इथल्या जुन्या लोकांच्या मनातली 'सिक्स' ही अशी मोठ्या इंजिनाची, घाटात न धापणारी गाडी असते. इंग्रजांनी सव्वा लिटरमध्ये सहा सिलिंडर का कोंबले, याचे कारण मात्र अभियांत्रिकीत नसून करात आहे. 1921 पासून तिथे गाडीवर दर अश्वशक्तीला एक पौंड वार्षिक कर होता आणि ही अश्वशक्ती प्रत्यक्ष मोजलेली नसे. बोअरचा इंचांतला वर्ग, गुणिले सिलिंडरांची संख्या, भागिले अडीच, असे ते सूत्र होते. स्ट्रोक त्यात येतच नसे. म्हणून सिलिंडर बारीक आणि उंच करायचे. हॉर्नेट या सूत्राने जेमतेम बारा अश्वशक्तीच्या घरात बसते.

टॉपगिअर

शिवडीकर, हे आपण नेमके मांडलेत आणि त्यातूनच माझा मुद्दा बळकट होतो. शेव्हरोलेटचे इंजिन त्या सूत्रात बसवले तर कराचा आकडा दुपटीहून अधिक होतो. म्हणजे मोठ्या अमेरिकन गाडीचा सहजपणा हवा, पण कर परवडत नाही, अशा मोठ्या वर्गासाठी हॉर्नेट हे पहिलेच उत्तर होते. परीक्षकांनी नेमकी हीच गोष्ट वाचकांना सांगितली.

पाटा-स्प्रिंग यांना एवढेच विचारतो की, परीक्षक कोणत्या रस्त्यावर गाडी चालवत होते? इंग्लंडमध्ये 1903 च्या कायद्याने घातलेली ताशी वीस मैलांची मर्यादा 1930 अखेरपर्यंत कागदोपत्री लागू होती. ती उठली 1 जानेवारी 1931 रोजी. ती कोणी फारशी पाळत नसे हे खरे, पण ज्या देशात कायदेशीर वेग वीस मैल आहे तिथल्या साप्ताहिकाने दहा ते तीस मैलांचा पिकअप टॉप गिअरमध्ये किती सेकंदांत मिळतो हे मोजून छापावे, हे अत्यंत समंजसपणाचे होते. सर्वसामान्य माणूस गाडी याच पट्ट्यात चालवत होता. पन्नास मैलांवर वळण घेताना चॅसिस काय करते, हा त्याचा प्रश्नच नव्हता. आणि ज्या काळात अनेक गाड्यांचे ब्रेक दांड्यांनी आणि केबलने ओढले जात, त्या काळात हॉर्नेटला हायड्रॉलिक ब्रेक होते, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत.

मिडलंड्सकर

मी गेली अनेक वर्षे बर्मिंगहॅमजवळ राहतो. इथे एका संग्राहकाकडे सुरुवातीच्या घडणीची हॉर्नेट आहे, तिच्यात बसण्याचा आणि थोडी चालवण्याचा योग मला दोनदा आला, म्हणून दोन्ही बाजूंविषयी जे हाताला लागले ते लिहितो.

बॉनेटची एक बाजू उचलली की पहिल्यांदा नजरेत भरतो तो इंजिनाच्या पुढच्या टोकाला उभा बसवलेला डायनामो. तो नुसती वीज तयार करत नाही. खाली क्रँकशाफ्ट आणि वर कॅमशाफ्ट यांच्यामधला दुवा तोच आहे. क्रँकशाफ्टची गती तिरप्या दातांच्या गिअरने त्याच्या आसाला मिळते आणि आसाच्या वरच्या टोकाकडून कॅमशाफ्टला. रचना देखणी आहे, पण वर कॅमशाफ्टच्या भागात तेल खेळत असते आणि सील थोडे जरी सैल पडले तरी ते तेल सरळ खाली डायनामोत उतरते. मायनरच्या इंजिनाची ही जुनी खोड हॉर्नेटकडे वारशानेच आली. 1932 च्या मॉडेलपासून कंपनीने कॅमशाफ्ट साखळीवर नेला, इंजिन चॅसिसमध्ये पुढे सरकवले आणि तीनऐवजी चार गिअर दिले. गाडी पूर्ण सुधारलेली नसताना बाजारात आली होती, याचा याहून स्पष्ट कबुलीजबाब दुसरा नाही.

तरीही चालवतानाचा अनुभव वेगळाच आहे. एका अरुंद गावरस्त्यावर पुढे ट्रॅक्टर होता. गाडी टॉपमध्ये, वेग जेमतेम दहा मैल; माझा हात सवयीने गिअरच्या दांड्याकडे गेला, तेव्हा मालकांनी मानेनेच नको म्हटले. ट्रॅक्टर शेतात वळल्यावर मी ॲक्सिलरेटर हळूच दाबला. कुरकुर नाही, धडधड नाही. बाजूच्या कुंपणाचा झुडपांचा पट्टा फक्त अधिकाधिक वेगाने मागे जाऊ लागला. आवाज शिलाई मशीनसारखा एकसुरी. ज्याने त्याच आठवड्यात एखादी चार सिलिंडरची स्वस्त गाडी चालवली असेल, त्या परीक्षकाने घरी जाऊन काय लिहिले असेल, हे मला त्या क्षणी कळले. पुढे साधारण चाळीस मैलांवर डावे वळण आले आणि स्टिअरिंग फिरवणे व गाडी वळणे यांच्या मधल्या काळात पाटा-स्प्रिंग यांचेही म्हणणे कळले.

पाटा-स्प्रिंग

मिडलंड्सकर यांचे मनापासून आभार. हायड्रॉलिक ब्रेकचा उल्लेख मी करायला हवा होता, ती माझी चूक आहे आणि ती मी मान्य करतो. मात्र वेगमर्यादेच्या मुद्द्याला उत्तर देणे भाग आहे.

परीक्षक फक्त सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवत नव्हते. ब्रुकलंड्सचा बंदिस्त ट्रॅक त्यांना मोकळा होता; तिथे 1909 साली बांधलेली चाचणीची टेकडी होती, जिचा शेवटचा चढ चारास एक इतका उभा आहे. कमाल वेगाचे आकडे ते तिथेच घेत. म्हणजे साठ मैलांचा आकडा छापायला ट्रॅक चालत होता, पण त्याच वेगात गाडी सरळ रेषेत राहते का, हे छापायची वेळ आली की म्हणायचे, आमचा वाचक एवढ्या वेगाने जातच नाही! ज्याचे कौतुक छापता त्याची जोखीमही छापली पाहिजे. 1931 उजाडताच मर्यादा उठणार हे कायदा मंजूर झाल्यापासून सर्वांना माहीत होते. ज्या शिक्षकाने आणि दुकानदाराने 1930 मध्ये ते परीक्षण वाचून पैसे मोजले, त्याला पुढच्याच वर्षी त्या वेगाची कायदेशीर मुभा मिळाली आणि त्या वेगात गाडी कशी वागते हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. मला खंत आहे ती या माणसाची.

इंजिन चॅसिसच्या पुढे धावत होते याचा पुरावा त्याच उद्योगसमूहात मिळतो. 1931 मध्ये स्पोर्ट्स गाड्या बनवणाऱ्या एम.जी.चे सेसिल किंबर यांनी मॅग्ना काढली, तिच्यात हेच 1271 सीसीचे इंजिन, वरून पत्रे लावून ओळखू येणार नाही असे बसवलेले होते. तिला सुरुवातीला आठ इंची ब्रेक ड्रम होते. पुढच्याच वर्षीच्या आवृत्तीत ते बारा इंची करावे लागले.

टॉपगिअर

मॅग्नाच्या ब्रेकचे उदाहरण चोख आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. ब्रुकलंड्सच्या बाबतीतही आपण मला पेचात पकडलेत. कमाल वेगाचा आकडा छापणाऱ्याने त्या वेगातली वागणूकही सांगायला हवी होती, हे मी मान्य करतो.

पण टॉप गिअरच्या कौतुकावरून मी मागे हटणार नाही. छोट्या सिक्सची लाट चारपाच वर्षांत ओसरली, हे तिच्या खोटेपणाचे लक्षण म्हणून नेहमी सांगितले जाते. ती का ओसरली ते पाहा. अमेरिकेत प्लिमथने 1931 साली 'फ्लोटिंग पॉवर' या नावाने चार सिलिंडरचे इंजिन रबरावर तोलून बसवले आणि थरथर चॅसिसपर्यंत पोहोचणेच थांबले. 1932 पासून व्हॉक्सहॉलने ब्रिटनमध्ये सिंक्रोमेश आणले आणि गिअर बदलण्याची भीती गेली. 1935 पासून अश्वशक्तीचा कर एका पौंडावरून पंधरा शिलिंगांवर आला. हॉर्नेट ज्या तीन दुखण्यांवर औषध होती, ती तिन्ही दुखणी दुसऱ्या उपायांनी बरी झाली. औषध लागेनासे झाले म्हणून ते औषधच नव्हते असे म्हणता येत नाही, आणि 1930 च्या रोग्याला ते लागू पडले असे ज्यांनी लिहिले त्यांना विकाऊ ठरवणे मला आजही पटत नाही.

पाटा-स्प्रिंग

विकाऊ हा शब्द मी वापरलेला नाही आणि वापरणारही नाही. माझी तक्रार अपुरेपणाची आहे. रबरी माउंटिंग आणि सिंक्रोमेश यांविषयी आपण लिहिलेले मी आधी या दृष्टीने पाहिले नव्हते. मात्र त्यातून हेही दिसते की थरथर थांबवायला दोन जादा सिलिंडर, लांब क्रँकशाफ्ट आणि ताणलेली चॅसिस यांची गरज नव्हती, रबराचे काही ठोकळे पुरत होते. मिडलंड्सकर, पुन्हा कधी त्या गाडीत बसण्याचा योग आला, तर ते डावे वळण तीस मैलांवर घेऊन पाहाल का? त्या काळच्या वाचकाच्या नेहमीच्या वेगात ती गाडी वळणावर नीट वागत असेल, तर टॉपगिअर यांच्या पहिल्या मुद्द्याला मला आणखी थोडी जागा द्यावी लागेल.