मदत हवी आहे: शुभेच्छापत्रावर वाईचे धुके कसे उतरवावे?

नमस्कार. मी साताऱ्यात राहते आणि जलरंगांशी माझा परिचय शाळेतल्या चित्रकलेच्या तासापलीकडे फारसा गेलेला नाही. माझी आत्या वाईत लहानाची मोठी झाली; आता ती मुलाकडे कॅनडात असते. संक्रांतीपर्यंत तिच्या हाती पडेल असे एक शुभेच्छापत्र मला हाताने करायचे आहे. हिवाळा म्हटला की बाजारातल्या कार्डांवर बर्फाखाली वाकलेली सूचिपर्णी झाडे आणि धुराड्याचे घर ठरलेले असते. परंतु जिच्या खिडकीबाहेर खराखुरा बर्फ साचतो, तिला तेच चित्र पाठवणे म्हणजे कोकणात नारळ नेण्यासारखे आहे. म्हणून दर्शनी पानावर पलीकडच्या काठावरून दिसणारा कृष्णेचा घाट, धुक्यात अर्धे बुडालेले ढोल्या गणपतीचे देऊळ आणि मागे पांडवगडाची पुसट कड, तर आतल्या पानावर महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी कडाक्याच्या थंडीत गोठणारे गवतावरचे दव, असे योजले आहे.

अडचण अशी की धुके धुक्यासारखे दिसत नाही. प्रत्येक रंगात पांढरा पोस्टर कलर मिसळून पाहिला, तेव्हा देवळाला नुकताच चुना लावल्यासारखे वाटले. मग ओला रंग कापसाने टिपून घेतला. पहिल्या वेळी बरे जमले, दुसऱ्यांदा मात्र कागदाची लव निघाली. दव दाखवण्यासाठी ओल्या रंगावर मीठ टाकावे असे वाचले होते, पण माझ्या कागदावर मिठाचे खडे नुसते बसून राहिले. कागद १५० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाचा) साधा ड्रॉइंग पेपर आहे. तो वाळल्यावर पापडासारखा वाकतो आणि फेव्हिकॉलने कार्डशीटवर चिकटवला की कार्डही त्याच्यासोबत वाकते. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

ताई, आपल्या बहुतेक अडचणींचे मूळ कागदात आहे. जलरंगांसाठीचा ३०० जीएसएमचा, किंचित खरबरीत कागद घ्यावा आणि त्याच्या चारही कडा मास्किंग टेपने पाटीवर पक्क्या कराव्यात. चित्र पूर्ण वाळेपर्यंत टेप काढू नये.

जलरंगात धुके रंगवायचे नसते, राखायचे असते. कोरा कागद हेच धुके. आधी स्वच्छ पाण्याने कागद ओला करून डोंगराची कड अगदी फिक्या निळसर राखाडी रंगाने सोडावी. ती वाळल्यावर देऊळ थोड्या गडद छटेत घ्यावे आणि त्याची खालची कड रंग ओला असतानाच नुसत्या पाण्याच्या कुंचल्याने नदीच्या दिशेने विरघळवावी. सर्वांत गडद रंग फक्त अलीकडच्या पायऱ्यांना द्यावा. देवळाचे बारकावे काढण्याचा मोह टाळावा, कारण पहाटे पलीकडच्या काठावरून आपल्याला तरी ते कुठे दिसतात?

मिठाची वेळ साधावी लागते. रंगाचे पाणी चकाकत असताना टाकले तर मीठ विरघळून जाते, वाळल्यावर टाकले तर काहीच होत नाही. ओली चकाकी मंदावू लागली की त्या क्षणी जाडे मीठ विरळ भुरभुरावे. प्रत्येक खडा आपल्याभोवतीचे पाणी ओढून घेतो आणि तिथे फिकट चांदणी उमटते. वाळल्यावर मीठ पूर्णपणे झाडून टाकावे, नाहीतर पावसाळ्यात ते ओल धरते. गवताच्या पात्यांसाठी रंगवण्यापूर्वी पांढऱ्या मेणबत्तीच्या टोकाने रेघा ओढाव्यात. मेणावर रंग बसत नाही आणि पाती आपोआप पांढरी राहतात.

फेव्हिकॉलमधल्या पाण्याने कागद एका अंगाने फुगतो, म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरावी. कार्डशीट दुमडण्यापूर्वी ती कोणत्या दिशेने सहज वाकते ते पाहावे आणि घडी त्याच दिशेने, शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घालावी.

बर्फ वगळल्याची खंतही नको. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी करवून घेतलेल्या नाताळच्या कार्डावर, जे व्यापारी स्वरूपाचे पहिले कार्ड मानले जाते, बर्फाचे दृश्य नव्हतेच. मधोमध मेजवानीला बसलेले कुटुंब होते.

धागाकर्तीचे उत्तर:

मनःपूर्वक आभार. राजवाड्याजवळच्या दुकानातून ३०० जीएसएमचा कागद आणला. मीठ तिसऱ्या प्रयत्नात साधले. पहिल्या दोन वेळी मी घाई केली होती. पांडवगड इतका फिका झाला की घरातल्यांना तो दाखवून द्यावा लागला, पण तो तसाच ठेवणार आहे. आत्याला दाखवावा लागणार नाही. आता एकच शंका उरली आहे. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हे शब्द धुक्यासाठी राखलेल्या कोऱ्या जागेत बोरूने लिहिले तर धुके मोडेल का, की ते आतल्या पानावरच ठेवावेत?