सेमिनरीसाठी सुरक्षा धोरण लिहायचं आहे, मदत हवी आहे

नमस्कार. मराठवाड्यातल्या एका छोट्या ख्रिस्ती सेमिनरीत मी पाळकीय समुपदेशन शिकवते. पुढे पाळक, सुवार्तिक होणारी मुलं-मुली आमच्याकडे शिकतात आणि बहुतेक सगळी वसतिगृहातच राहतात. नव्या वर्षाआधी सुरक्षा धोरणाचा, म्हणजे कुणाचा छळ किंवा गैरफायदा होऊ नये यासाठीच्या नियमांचा, मसुदा करायला प्राचार्यांनी मला सांगितलंय. काही घडलंय म्हणून नाही. घडण्याआधीच लिहून ठेवावं असं मला फार मनापासून वाटतं. नेटवर सापडलेले नमुने परदेशातल्या मोठ्या मंडळ्यांचे आहेत. त्यात आमच्याकडची माणसं दिसत नाहीत.

आमचे विद्यार्थी अठराच्या वरचे आहेत, त्यामुळे 'ही काय लहान मुलं आहेत का?' हा प्रश्न बैठकीत येणारच. पण बघा, प्रवेशाला गावच्या पाळकसाहेबांचं शिफारसपत्र लागतं. फी कुणीतरी देणगीदार भरतो. शिकवणारे सरच वॉर्डन असतात, तेच एकांतात प्रार्थनेला बसवून मनातलं ऐकतात आणि पुढे पाळकपदाच्या दीक्षेसाठी चांगला शब्द टाकणारेही तेच. बीडकडच्या काही मुलांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, घराला कुलूप. नाताळच्या सुट्टीत वसतिगृह रिकामं होतं तेव्हा ही दोन-चार मुलंच मागे उरतात. अशा एकवीस वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने 'नाही' म्हणायचं कुणाला, आणि सांगायचं कुणाकडे?

दुसरी बाजू आमच्या विद्यार्थ्यांच्या हातून होऊ शकणाऱ्या इजेची. शनिवार-रविवारी ते खेड्यापाड्यांत सेवेला जातात. शब्बाथ शाळेत (रविवारच्या बायबलच्या वर्गात) मुलं, घरभेटीला एकट्या विधवा आणि म्हातारी माणसं, प्रार्थनासभेत आणलेले आजारी लोक. बाविशीतल्या पोराला तिथे सगळे 'पास्टर' म्हणतात आणि त्याचा शब्द झेलतात.

मला तीन गोष्टी हव्यात. आमच्यासारख्या छोट्या संस्थेला कायद्याने नेमकं काय बंधनकारक आहे? मुलग्यांच्या तक्रारीचं काय करायचं? आणि 'आधी एकांतात जाऊन भावाशी बोल' हे मत्तय १८ मधलं वचन पुढे केलं, तर विश्वस्तांना काय उत्तर द्यायचं?

प्रतिसाद (वकील, लातूर)

ताई, आधी माणसं मोजा. मेसच्या मावशी, रखवालदार, मानधनावरचे, विनावेतन काम करणारे, सगळे धरून. दहा झाले की २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागते. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, निदान निम्म्या स्त्रिया आणि एक सदस्य संस्थेबाहेरचा. माणसं दहाच्या आत असतील, किंवा तक्रार खुद्द संस्थाप्रमुखाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. हे वाक्य धोरणात ठळक लिहा, कारण छोट्या संस्थांत समितीवर नात्यातलीच माणसं बसतात. मुदत घटनेपासून ३ महिने, सबळ कारण असेल तर समिती ती आणखी ३ महिने वाढवू शकते. तक्रार लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं समितीचं काम आहे. विद्यार्थिनीलाही तक्रार करता येते, ती पगारी असण्याची गरज नाही.

मुलगे त्या कायद्यात येत नाहीत. पण तुमच्या धोरणात त्यांना घ्यायला कुणी अडवलेलं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमावलीत मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांचाही उल्लेख आहे. तुम्हाला ती लागू नसली तरी नमुना म्हणून वापरा.

शब्बाथ शाळेतल्या अठराखालच्या मुलाबद्दल काही कळलं तर मात्र समिती, चौकशी काही नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे थेट पोलिसांना कळवायचं. पाळक म्हणून सूट नाही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही तर कलम २१ खाली त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर प्रत्येक वर्गात लावा.

प्रतिसाद (निवृत्त पाळक)

बाई, मत्तय १८ तिथेच थांबत नाही. ऐकलं नाही तर साक्षीदार घेऊन जा, तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग, असं पुढे आहे. आणि ज्याच्या हातात आपलं ताट आणि बिछाना आहे त्याच्याकडे मुलीला एकटीला पाठवणं ही माझ्या मते क्रूरता आहे. विश्वस्त १ तीमथ्य ५:१९ सुद्धा काढतील, वडिलांवरच्या, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांवरच्या, आरोपाला दोन-तीन साक्षीदार हवेत म्हणून. लगेच खालचं विसावं वचन वाचायला लावा. पाप करणाऱ्या वडिलांना सर्वांसमोर दोष द्यायला सांगितलंय.

सेवेला पाठवताना मार्क ६:७ धरा, प्रभूने दोघादोघांना पाठवलं. घरभेटीला एकट्याने जायचं नाही, दार उघडं ठेवायचं, डोक्यावर हात ठेवण्याआधी विचारायचं, कुणाकडून उसने पैसे घ्यायचे नाहीत. आणखी एक, हे मी डोळ्यांनी पाहिलंय: मनाच्या आजाराचा माणूस प्रार्थनेला आणला की उत्साहात 'आता गोळ्या बंद कर' असं सांगितलं जातं. हे कडक मना करा. प्रार्थना करा, गोळ्याही चालू ठेवा, दवाखान्यात सोबत जा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. मेसच्या मावशी धरून आम्ही दहाच्या वर जातोय, म्हणजे समिती करावीच लागणार. वॉर्डन आणि शिक्षक एकच नसावा, आणि सुट्टीत थांबणाऱ्या मुलांसाठी दुसरी जबाबदार व्यक्ती असावी, ही दोन कलमं मी मसुद्यात घालतेय. दीक्षेचं शिफारसपत्रही एकट्याच्या सहीने जाऊ नये असं सुचवणार आहे. यावर बैठकीत वाद होईल, पण मी ते काढणार नाही. आता बाहेरचा सदस्य शोधायचाय. बीड, जालना, धाराशिव भागात महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या, अशा समितीवर बसलेल्या कुणी इथे असतील तर कृपया व्यक्तिगत निरोप करा. ख्रिस्ती असण्याची अट नाही.